टाके मोजताना तोंडात कुठली भाषा येते?

सुरंगी · १२ जुलै

परदेशात राहणाऱ्या आणि राहून आलेल्या सगळ्यांना एक विचारायचं आहे. हातात काम असताना मनातल्या मनात जे मोजता, ते कुठल्या भाषेत मोजता?

माझ्यापुरतं सांगते. मी बर्गनला राहते. नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं शहर, सात डोंगरांच्या मध्ये वसलेलं, समोर समुद्र आत घुसलेला. वर्षातले दोनशेहून जास्त दिवस पाऊस. रत्नागिरीत चार महिन्यांत तिथल्या वर्षभराहून जास्त पाणी पडतं, पण आपला पाऊस कोसळतो आणि उघडतो. तिथला झिमझिमत राहतो, नोव्हेंबरपासून त्याला अंधाराची जोड मिळते. डिसेंबरात साडेनऊ वाजून गेल्यावर उजाडतं आणि साडेतीनला दिवे लावावे लागतात. या अंधारात लोक विणतात. ट्रेनमध्ये, मीटिंगमध्ये, विद्यापीठातल्या व्याख्यानालाही बायका सुया घेऊन बसतात, आणि बोलणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही. अलीकडे तरुण मुलंही विणताना दिसतात.

नॉर्वेजियनचं व्याकरण मी वर्गात शिकले. बोलायला शिकले ती लायब्ररीतल्या विणकामाच्या गटात. विणताना कोणी कोणाच्या तोंडाकडे बघत नाही. नजर सुयांवर असते, त्यामुळे वाक्य मध्येच अडलं तरी अवघडल्यासारखं होत नाही. शब्द सापडेपर्यंत आपण चार टाके घालतो, समोरचीही घालते, आणि शब्द आला की बोलणं पुढे सुरू. नवीन भाषा शिकणाऱ्याला एवढी सवड दुसरीकडे कुठे मिळते, मला माहीत नाही. दुकानात मिळत नाही, डॉक्टरकडे तर नाहीच.

बोलणं नॉर्वेजियन, पण टाके मात्र मराठीतच पडत होते. आणि आकडे म्हणून नव्हे, ओव्या म्हणून. आईनं मला विणायला शिकवलं तेव्हा 'आठ टाके सुलट' असं कधी सांगितलंच नाही. ती अष्टाक्षरी ओळ म्हणायची, एका अक्षराला एक टाका. ओळ संपली की आठ झाले. तिनं हे का केलं ते मला फार उशिरा कळलं. मध्येच कोणी हाक मारली, कुकरची शिट्टी झाली, तर आकडा विसरतो. पण ओळीत कुठल्या शब्दावर थांबलो ते विसरत नाही. चार मुलांच्या घरात विणणाऱ्या बाईनं शोधलेली ही रीत आहे.

आईच्या ओव्या संपल्यावर मी माझ्या करायला लागले. कवयित्री म्हणवून घेण्याजोगं त्यात काही नाही, पण त्या अंधाऱ्या दुपारी सुयांवरच जुळल्या, म्हणून इथे देते :

सुईवर एक टाका
आई तुझ्या माहेराचा
दुजा टाका समुद्राचा
तिजा टाका पावसाचा

लोकरीला नाही वास
खळ्यातल्या शेणाचा गं
तरी विणते मी रोज
उंबरठा घराचा गं

या पावसाळ्यात रत्नागिरीकडच्या पावस गावाजवळ आमच्या घरी आईपाशी आले आहे. सकाळपासून हे मनात घोळतंय. माझी मराठी तिथे टिकली ती गणेशोत्सवामुळे नाही, दिवाळीच्या फराळामुळेही नाही. ते सगळं आम्ही मंडळात करतो आणि मला आवडतंही. पण ते वर्षातून दोनदा. मराठी टिकली कारण तिला रोजचं एक काम होतं. तिच्यावाचून माझा पायमोजा पुरा झाला नसता. भाषेला राबवलं तर ती राहते असं मला वाटायला लागलं आहे.

तुमच्याकडे असं कुठलं काम आहे, ज्यात मराठी अजून रोज राबते?

---

कॅम्प_दापोली · १२ जुलै

सुरंगीताई, तुमच्या आई दापोलीकडच्या का हो? विचारण्याचं कारण, कोकणात लोकर कशाला, असं बाहेरचे लोक नेहमी म्हणतात. त्यांनी जानेवारीत पहाटे दापोलीला येऊन बघावं. पण थंडी हे एकच कारण नाही. माझ्या आईची पिढी विणायला शिकली ती १९६२ मध्ये. चीनचं युद्ध सुरू झालं, जवानांकडे गरम कपडे नाहीत हे कळलं, आणि देशभर बायका नि शाळेतल्या मुली स्वेटर, मोजे, मफलर विणायला बसल्या. आमच्याकडे दापोली-मंडणगड-खेड पट्ट्यात घराघरांतून फौजेत गेलेली माणसं. दापोलीला आजही म्हातारी माणसं 'कॅम्प' म्हणतात ते गोऱ्यांच्या पलटणीच्या छावणीमुळे. तेव्हा ज्याच्यासाठी विणायचं तो कोणाचा तरी काका, कोणाचा भाऊ होता.

युद्ध संपलं, सुया राहिल्या. मग त्याच हातांनी बाळंतविडे झाले. टोपडं, अंगडं, कुंची, पायमोजे. मे महिन्यात जन्मलेल्या बाळालासुद्धा लोकरीचं टोपडं असायचंच, उकाडा असो नसो. आईच्या ट्रंकेत अजून त्या हिरव्या लोकरीची एक लडी आहे. डांबरगोळ्या घालून घालून तिचा वास काही जात नाही.

मोजण्याबद्दल म्हणाल तर आई आकडेच मोजायची, पण पुटपुटत. घरात कोणी आजारी असलं की ते पुटपुटणं थोडं मोठ्यानं व्हायचं. आम्ही भावंडं त्यावरून ओळखायचो.

---

सुरंगी · १३ जुलै

@कॅम्प_दापोली, हो, आई तुमच्याकडचीच. आत्ता तिला तुमचं वाचून दाखवलं. तिच्या वर्गालाही जवानांसाठी मोजे विणायला दिले होते. टाच वळवायला तेव्हाच शिकली, आणि टाच नीट नसेल तर बुटात फोड येतात म्हणून बाई उसवायला लावायच्या, असं सांगत होती.

नॉर्वेतही लोकरीत युद्ध आहे. जर्मनांनी देश घेतला तेव्हा लोक लाल विणलेल्या टोप्या घालून फिरायला लागले. कोणी काही बोलायचं नाही, फक्त टोपी. शेवटी १९४२ मध्ये त्या टोप्यांवर बंदी आली. माझ्या गटातल्या एका आजीनं मला हे सांगितलं तेव्हा ती स्वतः लाल लोकरच विणत होती.

आणि बाळंतविडा तिथेही आहे. बाळाला हॉस्पिटलातून घरी आणताना घालायचा विणलेला जोड आजी, मावशी, शेजारणी आधीपासून तयार ठेवतात. माझ्या मुलीच्या वेळी आई इथून टोपडं पाठवणार होती ते टपालात उशिरा पोचलं. शेजारणीनं दिलेला पिवळा जोड घालून लेक घरी आली.

आणखी एक. ट्रॉन्हैमजवळ सेल्बू म्हणून गाव आहे, तिथले काळे-पांढरे हातमोजे प्रसिद्ध आहेत. १८५७ साली मारित नावाची एक मुलगी तसे मोजे घालून चर्चला गेली आणि मग सगळं गाव ते विणायला लागलं, असं सांगतात. त्यावरचं फूल आठ पाकळ्यांचं. मी आईसाठी एक जोडी आणली. तिनं पालथी-उताणी करून बघितली आणि म्हणाली, "हे तर अष्टदळ. तुळशीपुढे काढते तेच." लगेच रांगोळीच्या वहीत ठिपके मोजून तिनं ते उतरवून घेतलं.

---

वायरीचा_चेडू · १३ जुलै

सुरंगी, बाये, मी मालवणीतच लिवतंय, समजान घे.

माजी आजी भात मोजताना एक म्हणा नाय. पयल्या पायलेक 'लाभ' म्हणा, मगे दोन, तीन. तेच आजयेन माका क्रोशा शिकवल्यान. साखळेचो पयलो टाको घातलो की 'लाभ' म्हणाचा आणि फुडे जावचा. आता माजा चेडू पुण्याक शिकता. हॉस्टेलात बसान क्रोशाच्यो पिशयो करता आणि इकता पण. तेका मी इचारलंय, गो, पयल्या साखळेक काय म्हणतंस? 'लाभच म्हणतंय गो आई,' म्हटल्यान. पुण्यात तेच्या रूमवर मालवणी बोलणारा कोण नाय. सगळी पुस्तकातला मराठी बोलतत. म्हणान तुजा म्हणना माका पटला. परदेशाक इमानात बसानच जावक होया असा काय नाय, आमच्या चेडवाक पुणा पण परदेशच.

एक सांग, तुज्या त्या नॉर्वेत लोका आपापली बोली बोलतत, काय सगळी एकच भाषा बोलतत?

---

दाभोळचा_दर्यावर्दी · १४ जुलै

मी मर्चंट नेव्हीत इंजिनरूममध्ये काम केलं. आता निवृत्त होऊन दाभोळला घरी असतो. सुरंगीताईंच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडेही आहे. लॉगबुक इंग्रजीत, बोलणं हिंदी-इंग्रजीत, पण इंजिनच्या आवाजात काही मोजायची वेळ आली की मराठीच. आमच्या बोटीवर फिलिपिन्सचे, युक्रेनचे सहकारी असायचे, तेही ओठांतल्या ओठांत आपापल्या भाषेत मोजायचे. त्यामुळे तुमचं निरीक्षण मला खरं वाटतं.

तरीही एक शंका मांडतो, ती मनात सलते म्हणून. माझा मुलगा टोरांटोला आहे. नातू आठ वर्षांचा. 'जेवायला ये', 'हात धू', 'झोप आता' हे सगळं त्याला मराठीत कळतं. म्हणजे तुम्ही म्हणता तसं मराठी त्याच्या घरात रोज राबते. पण त्याला राग आला की तो इंग्रजीत रागावतो. शाळेत काय झालं ते सांगायला लागला की पहिल्या वाक्यानंतर इंग्रजीत जातो, आणि मी फोनवर 'हं, हं' करत राहतो. मला इंग्रजी येतं, प्रश्न तो नाही. त्याच्या मनातलं जे खोल आहे ते माझ्या भाषेत येत नाही याचं मला वाईट वाटतं. टाके आणि पायली मोजण्यापुरती उरलेली भाषा ही जिवंत म्हणायची का? तुमच्या मुलीचं काय? ती ओव्या म्हणते का?

मनापासून विचारतोय. राग मानू नका.

---

सुरंगी · १४ जुलै

काका, राग कसला. हाच प्रश्न मलाही रात्री जागं ठेवतो.

मुलगी ओव्या म्हणत नाही. ती विणते, आणि टाके नॉर्वेजियनमध्ये मोजते. तिला लिहायला-वाचायला शिकवलं त्या भाषेत, मैत्रिणी त्या भाषेतल्या, तेव्हा ते तसंच होणार. ती तान्ही असताना तिथल्या बालआरोग्य केंद्रातल्या नर्सनं मला बजावलं होतं की घरी तुमचीच भाषा बोला, मोडकी नॉर्वेजियन बोलू नका. ते मी पाळलं. तरी तुमच्या नातवासारखंच तिचंही होतं. शाळेतली गोष्ट मराठीत सुरू होते आणि मध्येच निसटते.

पण एका ठिकाणी निसटत नाही. माझ्या आईला मराठीशिवाय काही येत नाही. लेकीला पायमोज्याची टाच जमेना, तेव्हा तिनं व्हिडिओ बघायचं सोडून आजीला फोन लावला. दोघी तासभर भांडल्या. आजी म्हणते आधी अर्धे टाके बाजूला काढ, ही म्हणते माझ्या पॅटर्नमध्ये तसं नाही. "आजी, तू माझं ऐकतच नाहीस!" हे तिनं रागानं मराठीत म्हटलं, कारण दुसऱ्या कुठल्याही भाषेत तो राग आजीपर्यंत पोचलाच नसता. त्या दिवसापासून मला वाटतं की मुलांना अशी माणसं मिळायला हवीत, ज्यांच्याशी त्यांचं खरं काम अडलेलं असतं आणि ज्यांना दुसरी भाषा येत नाही. तुम्हाला इंग्रजी येतं हे नातवाला ठाऊक आहे, काका. एखाद्या गोष्टीत त्याला तुमची गरज लागू दे. गाठी मारायला शिकवा त्याला, बोटीवरच्या. फोनवर, मराठीत.

@वायरीचा_चेडू, तुझ्या प्रश्नाचं उत्तर ऐकून तुला बरं वाटेल. नॉर्वेत प्रमाण बोलणं असं काही सक्तीचं नाहीच. लिहिण्याच्या दोन रीती आहेत, बोकमोल आणि नीनोर्स्क, दोन्हींना सरकारी मान्यता. बोलताना मात्र जो तो आपल्या खोऱ्याची, आपल्या बेटाची बोली बोलतो. मंत्री संसदेत बोलतात, प्राध्यापक वर्गात बोलतात, रेडिओवर बातमीदार बोलतात. नीनोर्स्क घडवली ती ईवार ओसेन नावाच्या शेतकऱ्याच्या मुलानं. १८४० च्या दशकात तो देशभर पायपीट करत बोली गोळा करत हिंडला आणि त्यांतून त्यानं लिहिण्याची भाषा बांधली. बर्गनच्या लोकांना तर आपल्या बोलीचा इतका अभिमान की ओस्लोला जाऊन वर्षं काढली तरी बदलत नाहीत.

हे बघून मला आपल्याकडचं आठवायचं. रत्नागिरीच्या कॉलेजात संगमेश्वरकडच्या मुली पहिले सहा महिने गप्प बसायच्या. हुशार मुली. तोंड उघडलं की बोली कळेल म्हणून गप्प. मालवणीला निदान नाटकांनी मान मिळवून दिला. संगमेश्वरी, बाणकोटी, आगरी बोलणाऱ्यांना आजही मुलाखतीला जाताना भाषा बदलावी लागते. परदेशात मराठी टिकवायची म्हणून आपण एवढं बोलतो, पण घरातल्या घरात किती जणांना परकं करून ठेवलंय, याचा मला संताप येतो. तू मालवणीत लिहिलंस त्याचा म्हणूनच फार आनंद झाला.

---

मालगुंडच्या_बाई · १५ जुलै

मी मराठीची शिक्षिका होते. सुरंगी, तुझी आई छंदावर विणते हे वाचून मी दुपारी सुया काढल्या आणि अक्षरगणवृत्त बसतं का ते पाहिलं. बसतं!

भुजंगप्रयात घे, म्हणजे मनाचे श्लोक ज्या चालीत म्हणतो ते. प्रत्येक चरणात बारा अक्षरं, चार यगण. यगण म्हणजे लघु, गुरु, गुरु. आता लघुला एक उलट टाका आणि गुरुला एक सुलट टाका धर. एक उलट, दोन सुलट, एक उलट, दोन सुलट. विणणाऱ्या कोणालाही विचार, ही साधी पट्टीची वीण आहे, स्वेटरच्या काठाला घालतात ती. बारा टाके झाले की चरण पुरा. मी ही ओळ म्हणत विणली :

विणावे जरासे, म्हणावे जरासे,
सुयांच्या लयीने मिळावे दिलासे

तपासून बघ, एकही मात्रा चुकणार नाही. मात्र एक अडचण आली. दोन सुयांवर विणताना ओळ संपली की काम फिरवावं लागतं, आणि मागच्या बाजूनं तीच वीण दोन उलट, एक सुलट अशी येते. टाके उलट-सुलट बदलतातच, पण क्रमही बदलतो : गुरु, गुरु, लघु. म्हणजे यगणाचा तगण होतो! परतीच्या ओळीला भुजंगप्रयात म्हणता येत नाही. यावर तुझ्या आईकडे काही तोड आहे का, विचारून सांग. मला खरंच हवी आहे.

अभंगावरही बसेल. मोठा अभंग सहा, सहा, सहा, चार असा, बावीस अक्षरांचा. शेवटचा चरण आखूड, तिथे कमी करायचे टाके घ्यावेत असं वाटतं. करून पाहिलं नाही अजून.

दर्यावर्दींच्या शंकेवर थोडं. केशवसुत आमच्या मालगुंडचे, १८६६ चा जन्म. चौदा ओळींचं सुनीत त्यांनी इंग्रजीतून मराठीत आणलं. आकार परका होता, बोलणं मराठी राहिलं. परक्या साच्यात आपली भाषा ओतता येते, हे या किनाऱ्यानं शंभर वर्षांपूर्वीच करून दाखवलं आहे. तुमचा नातू उद्या इंग्रजीत रागावता रागावता मराठी साच्यात काही बोलेल, उलटही होईल. मी आशा सोडणार नाही.

---

खाडीपल्याड · १५ जुलै

बाई, फार सुंदर. मी बाणकोट खाडीकाठची, कोकणी मुसलमान घरातली. आमच्याकडे बायका क्रोशावर नमाजाच्या जाळीदार टोप्या विणतात. मधोमध सहा-आठ साखळ्यांचं कडं, मग फेरीगणिक खांब वाढवत जायचं, डोक्याएवढी चकती झाली की वाढवणं थांबवायचं. माझी नानी फेऱ्या मोजायची आणि प्रत्येक फेरीला घरातल्या एकेका बाहेरगावी गेलेल्या माणसाचं नाव घ्यायची. कुवेत, दोहा, मस्कत. पुरुष सगळे बाहेर आणि बायका इथे, ही आमच्या गावांची जुनी रीत.

आमचे काही नातेवाईक केपटाउनला आहेत. रत्नागिरी-रायगडच्या खाडीकाठच्या गावांतून एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी माणसं तिकडे गेली आणि तिथलीच झाली. अजून त्यांना तिकडे 'कोकनी' म्हणूनच ओळखतात. त्यांच्यातल्या एक वयस्कर खाला मागे इथे आल्या होत्या. बोलणं सगळं इंग्रजी. आमच्या अम्मीनं त्यांच्या हातात क्रोशा दिला तर त्यांनी टोपी सुरू केली, आणि मोजायला लागल्या त्या आमच्याच बोलीत. आकडे, कमी कर, वाढव, घट्ट धर, सैल सोड, हे सगळं त्यांना येत होतं. बाकी एक वाक्य जुळवता येत नव्हतं. अम्मी रडायला लागली. त्या हसत होत्या.

मला दर्यावर्दींचंही पटतं आणि सुरंगीचंही. एवढंच उरणं पुरेसं नाही. पण त्या खालांना आणि अम्मीला त्या दुपारी जोडणारं दुसरं काहीही नव्हतं. त्यांच्यात एकही समान माणूस उरला नव्हता, सगळे वारले होते.

---

बंदरावरचा_हर्णै · १६ जुलै

मी सहसा लिहीत नाही, वाचतो. पण विणकाम म्हटलं की सगळ्यांना बायकाच आठवतात, म्हणून लिहितो. आमच्याकडे पुरुष विणतात. जाळं.

आजोबांच्या वेळी सुताचं जाळं घरीच विणायचे. कुजू नये म्हणून झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून काढायचे. मग नायलॉन आलं, आता जाळं मशीनवर विणून तयार येतं. विणायचं राहिलं नाही, सांधायचं राहिलं. ते कोणत्याही मशीनला जमत नाही. जाळं दगडाला लागून फाटतं, डॉल्फिन फाडतो. फाटलेल्या जागेचे आस, म्हणजे जाळ्याचे डोळे, मोजायचे, जिथे तीन धागे मिळतात तिथून सुरुवात करायची आणि शेवटही तसाच साधायचा. एक आस चुकला की जाळ्याला चुणी पडते आणि पाण्यात ते नीट उघडत नाही. लाकडी सुईत दोरा भरलेला असतो. गाठ मारताना बोटानं आसाचं माप घेतात, बघावं लागत नाही.

आता सांगायचं ते. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंदी असते. हंगामात आमच्या बोटींवर बरेच खलाशी नेपाळचे असतात. बंदीत बहुतेक गावी जातात, काही थांबतात आणि आमच्याबरोबर जाळी सांधतात. आमच्याकडे एक मुलगा आहे, डोंगरातला. पहिल्या वर्षी आला तेव्हा त्यानं समुद्र पाहिलेला नव्हता. हिंदीसुद्धा तुटकी. त्याला मराठी कोणी शिकवली नाही. वडिलांच्या शेजारी बसून तो जाळं सांधायला लागला. वडील बोलत नाहीत फार. 'ओढ', 'सोड', 'आस मोठा झाला', 'परत कर'. हळूहळू तो आमची कोळी बोली बोलायला लागला. सुरंगीताईंनी लिहिलंय ना, विणताना कोणी तोंडाकडे बघत नाही, ते वाचून मला तो आणि वडील दिसले. वडील त्याला माझ्यापेक्षा जास्त गोष्टी सांगतात आता.

पण आस मोजतो तो नेपाळीत. आणि मोजून झालं की गुणगुणतो. आम्हाला अर्थ कळत नाही, चाल आवडते. तुम्ही सगळे परदेशात आपली मराठी कशी टिकते ते लिहिताय. आमच्या पडवीत बसून एक जण त्याची भाषा टिकवतोय, आणि त्याच्यासाठी परदेश म्हणजे हर्णै आहे. मी त्याला काल पहिल्यांदा विचारलं, तू काय गातोस. बहिणीनं जोडलेली गाणी आहेत म्हणाला. गवत कापताना म्हणायची.

---

दाभोळचा_दर्यावर्दी · १६ जुलै

हर्णै, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. पुन्हा लिहीत जा, कृपा करून. ती गाणी त्याच्याकडून नेपाळीत उतरवून घ्या, देवनागरीच आहे, तुम्हाला वाचता येईल. अर्थ त्यालाच विचारा.

सुरंगीताई, काल रात्री नातवाला दोरीची पहिली गाठ दाखवली, व्हिडिओ कॉलवर. बोलाइन, म्हणजे दोरीचा न सरकणारा फास. 'आता टोक फांदीमागून घे' म्हटलं तर विचारतो, 'आजोबा, फांदी कुठंय?' मग खुर्चीचा पाय घेतला. पूर्ण वेळ मराठीत. उद्या पुढची दाखवणार आहे.

---

कुडाळची_सून · १७ जुलै

मध्येच एक विचारते. आजेसासूबाईंच्या स्टीलच्या सुया पावसाळ्यात गंजून लोकरीला डाग पाडतात. काय करावं? आणि इथल्या उकाड्यात शिकायला लोकरच घ्यावी का सूत?

---

कॅम्प_दापोली · १७ जुलै

बारीक पॉलिश पेपरनं गंज काढा, पुसा, खोबरेल तेलाचा हात फिरवा, आणि विणण्याआधी ते कापडानं पूर्ण टिपून घ्या. पावसाळ्यापुरत्या बांबूच्या सुया घेतल्या तर त्रासच नाही, घामानं टाकेही सरकत नाहीत. सूत चालेल, पण ताणत नाही, त्यामुळे नवशिक्याचे टाके लहानमोठे दिसतात. हात बसेपर्यंत ॲक्रिलिक बरं.

---

सुरंगी · १८ जुलै

@मालगुंडच्या_बाई, तुमच्या यगण-तगणाचा प्रश्न आईपुढे ठेवला. तिला गणांची नावं माहीत नाहीत, पण दोन ओळी विणून तिनं लगेच सांगितलं : "मग फिरवू नका. गोल विणा." गोल सुईवर विणलं की काम फिरवायचं नसतं, समोरची बाजू कायम समोर. भुजंगप्रयात मोडत नाही.

म्हणून टोपीचा हिशोब मांडला. ९६ टाके घालायचे. बारा अक्षरांचा चरण धरला तर आठ चरण, म्हणजे एका फेरीत दोन श्लोक पूर्ण. मध्यम जाडीची लोकर, ४ मि.मी. ची गोल सुई. टाके पिळले जाणार नाहीत हे बघून जोडा, सुरुवातीच्या जागी रंगीत दोऱ्याची खूण अडकवा. एक उलट, दोन सुलट, वीतभर उंची होईपर्यंत. वर कमी करताना आधी प्रत्येक गणातले दोन सुलट टाके एकत्र घ्या. ६४ राहतील. एक फेरी साधी. मग दोन-दोन टाके एकत्र करत ३२, पुन्हा १६. दोरा तोडून त्या सोळांतून ओवून ओढून घ्या.

@बंदरावरचा_हर्णै, तुमच्याकडचा मुलगा गावी कधी जातो? आईनं ट्रंकेतली निळी लोकर काढली आहे. त्याच्या घरी थंडी असेल, टोपी उपयोगाची होईल असं ती म्हणते. बहिणीसाठीही एक विणायची आहे. तिचं डोकं केवढं असेल, विचाराल का?

---

बंदरावरचा_हर्णै · १८ जुलै

विचारलं. बहीण अकरा वर्षांची. तो दिवाळीच्या सुमारास जाणार आहे. लाल रंग असेल तर लाल, म्हणाला.

---

मालगुंडच्या_बाई · १८ जुलै

आईंना माझा नमस्कार सांग, आणि ही तोड मला शाळेत असताना का सुचली नाही म्हणावं!

लाल मी विणते. अकरा वर्षांच्या मुलीला ८४ टाके पुरतील, पण मग सातच चरण होतात आणि दुसरा श्लोक अपुरा राहतो. म्हणून टाके ९६ च ठेवते आणि लोकर थोडी बारीक, सुई ३.५ ची घेते. हर्णै, दसऱ्यापर्यंत पोचवीन. पत्ता व्यक्तिगत निरोपात कळवा.